सव्वा मुठीचा सण

खान्देशात दिवाळी येते ती कापसाच्या वेचणीतून वाट काढत. आश्विन संपत आला की तापीकाठच्या काळ्या जमिनीत बोंडे फुटलेली असतात, फुटलेला कापूस झाडावर फार दिवस राहू देता येत नाही, वरून परतीच्या पावसाची धास्ती असते, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात जाळ्या काढायच्या, डबे घासायचे, भाजणी दळून आणायची, गाद्या-गोधड्या उन्हात टाकायच्या असतात. दिवसभर कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारी बाई दिवस मावळल्यावर घरी येते आणि रात्री सोऱ्या घेऊन चुलीपुढे बसते. आम्हा नोकरी करणाऱ्या बायकांचे शेत वेगळे असले, माझ्या बाबतीत ते पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचे असले, तरी रात्रीचा सोऱ्या तोच असतो.

केंद्र सरकारने 2024 मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात जाणारा वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटे निघाला आणि तसे काम करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटे. ही सरासरी वर्षभरातल्या दिवसांची आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात या दोन आकड्यांतले अंतर कोणत्या बाजूला वाढते, हे सांगायला कोणत्याही घरात वेगळी पाहणी करावी लागणार नाही. म्हणून सण साधा ठेवण्याचा विषय निघाला की मी प्रथम एकच गोष्ट विचारते: लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पणत्या लागल्यावर, घरातल्या बाईला अंगणात निवांत बसता येते का? तिला बसता येत नसेल, तर त्या घरात दिवे कितीही लागले असले तरी सण अजून तिच्यापर्यंत आलेला नाही.

सण साधा करायचा म्हटले की पुष्कळांना वाटते, आता देवाधर्माला कात्री लागणार. माझा अनुभव निराळा आहे. ज्या सणाला माप असते, म्हणजे किती करायचे, कोणासाठी करायचे आणि कधी थांबायचे हे ज्यात आधीच ठरलेले असते, तो सण कष्टाचा असला तरी जिवावर येत नाही. आपल्या खान्देशात असे सण आहेत आणि ते आपण अजून करतो. दिवाळीचे माप मात्र आपल्या हातून सुटले आहे, आणि ते बाजाराच्या, शेजारच्या नि पाहुण्यांच्या हाती गेले आहे.

कानबाईचे उदाहरण घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, ही खान्देशाची देवी, बसते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरोघरी बसते, आणि पोटासाठी सुरतेला गेलेली, पुण्याला-नाशिकला स्थिरावलेली माणसे दिवाळीला आली नाहीत तरी कानबाईला गावी येतात. अमळनेरच्या स्टेशनावर त्या शनिवारी सुरतेकडून येणारी गाडी थांबली की फलाटावर चालायला जागा नसते. एवढी माणसे घरात येतात, दोन दिवस राहतात, रात्रभर जागरण होते, गाणी होतात, आणि तरीही कानबाई झाल्यावर कोणी बाई आठवडाभर अंथरुणाला खिळली असे मी पाहिलेले नाही.

त्याचे कारण रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या, मापात आहे. आमच्या घरी देव्हाऱ्यापुढे सूप ठेवतात, त्यात स्वच्छ निवडलेले गहू घेतात आणि घरातल्या एकेका पुरुषाचे नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू बाजूला काढतात. मूठ भरायची, ती दुसऱ्या सुपात रिकामी करायची आणि वरची पाव मूठ चिमटीने टाकायची. ज्याचे नाव घेतले तो सुरतेला असो की सातपुड्याच्या पायथ्याला, त्याची मूठ पडते. नाव राहून जाऊ नये म्हणून म्हातारी माणसे बोटांवर मोजत जवळ बसतात. सगळी नावे संपली की गहू संपले. त्यानंतर कोणी कितीही आग्रह केला तरी मूठभर गहू जास्त पडत नाहीत. आमच्या गल्लीतला गिरणीवाला त्या दिवशी गिरणी झाडून-पुसून ठेवतो आणि त्या पिठाचेच रोट होतात. सोबत पुरण, खीर, हरभऱ्याची डाळ आणि गंगाफळाची भाजी असते. ताटात दरवर्षी तेच असते. यंदा काहीतरी नवीन करू या, असे कानबाईच्या बाबतीत आजवर कोणाच्या तोंडून निघालेले नाही.

पाहुणेही मोजलेले असतात. रोट भाऊबंदांनी खायचा, बाहेर द्यायचा नाही. त्यामुळे कोणाच्या घरून काय आले आणि त्याच्या बदल्यात आपण काय पाठवायचे हा प्रश्नच उरत नाही. सोमवारी कानबाई नदीवर निघाली, नाचत-गात विसर्जन झाले की सण संपला. उरलेले रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे, म्हणजे शिळे किती दिवस पुरवायचे याचीही हद्द आखलेली. काम थोडे असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. भिंती पोतारणे, पितळेची भांडी चिंचेने घासणे, खापरावर मांडे टाकणे हे सगळे असतेच. पण त्या कामाला काठ असतो, आणि काठ दिसत असला की माणूस पोहत जातो.

येथे मनात असलेले बोलून टाकते. हे माप फक्त पुरुषांची नावे मोजते, हे मला पटत नाही. जी बाई गहू निवडते, दळून आणते आणि रोट भाजते, तिच्या नावाची मूठ सुपात नसते, आणि सासरी गेलेल्या लेकीला तर त्या रोटाचा घासही मिळत नाही. परंपरेचे कारण मला ठाऊक आहे, कुळाचा देव म्हणून कुळाच्या माणसांची मोजणी, पण कारण ठाऊक असणे आणि ते मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरी माझ्या मुलीच्या जन्मानंतर सासूबाईंनी स्वतः तिच्या नावाची मूठ टाकली. भाऊबंदांपैकी दोघांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी ऐकून घेतले. पुढच्या वर्षी थोरल्या जाऊबाईंच्या मुलीची मूठ पडली. माप वाढवायचे असेल तर ते असे, माणसांसाठी वाढवावे. ताटातल्या पदार्थांसाठी वाढवण्याची काही गरज नाही.

आता दिवाळीकडे या. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतच्या दिवसांत शास्त्राने आणि रूढीने सांगितलेल्या गोष्टी लिहून काढल्या तर त्या एका वहीच्या पानात मावतात: गाय-वासराची पूजा, यमासाठी दिवा, पहाटेचे अभ्यंग, लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे, पाडव्याला नि भाऊबिजेला ओवाळणे. तेल, उटणे, पणत्या, झाडू, मूठभर धने आणि गूळ यांत ही सगळी पूजा उरकते. फराळाचे आठ प्रकार, घरभर नवे पडदे, प्रत्येकाला दोन दोन कपडे, कचेरीतल्या लोकांना सुक्या मेव्याचे खोके, धनत्रयोदशीला सोन्याचा तुकडा यांपैकी एकही गोष्ट त्या पानावर येत नाही. त्या हौसेने आल्या आणि पुढे सक्तीच्या झाल्या. हौसेला माझा विरोध नाही, हौस हा सणाचा प्राण आहे. पण जिच्या हौसेची गोष्ट असेल तिनेच ती करावी. एकीची हौस दुसरीच्या कमरेवर येऊ नये.

अनारशांचे पाहा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे, ओलसर असतानाच कुटून बारीक चाळायचे, पिठाच्या वजनाइतका गूळ किसून मिसळायचा आणि गोळा करून काही दिवस मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायचा, न उलटता झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. पीठ थोडे ओले राहिले किंवा गूळ जास्त पडला की अनारसा हसतो, कढईभर विरघळतो आणि सगळे तूप वाया जाते. माझ्या चुलत सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे मोठी माय म्हणतो, त्यांचे अनारसे जाळीदार होतात आणि ते थापताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असते ते खरे आहे. त्यांनी अनारसे करावेत, आम्ही वाट पाहत बसू. पण त्यांच्या अनारशांमुळे गल्लीतल्या सगळ्या सुनांनी अनारसे केलेच पाहिजेत, या अपेक्षेला त्यांचाही पाठिंबा नाही. एका वर्षी माझ्या स्वयंपाकघरात ओळीने मांडलेले डबे बघून त्या म्हणाल्या, “इतलं कोन खाई वं माय?” आणि तो प्रश्न विचारण्यासारखाच होता, कारण त्या डब्यांतले निम्मे आम्ही तुळशीच्या लग्नानंतर कामवाल्या मावशींना देत असू, आणि त्यांच्या घरीही तोपर्यंत तेच डबे भरलेले असत.

तेव्हापासून आमच्याकडे कोजागिरीला दूध आटत असताना दिवाळीची बोलणी होतात. कोजागिरी ते धनत्रयोदशी यांत बारा-तेरा दिवस असतात. अनारशाचे तांदूळ भिजवायचे की नाही हे ठरवायला ती शेवटची चांगली वेळ असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेव्हा अजून कोणी दमलेले नसते. दमल्यावर झालेल्या चर्चेतून भांडणच निघते. या बैठकीत पुरुष बसलेच पाहिजेत अशी माझी अट होती, कारण ज्या कामाचा निर्णय बायकांनी एकमेकींत घेतला ते काम बायकांचेच राहते. घरातल्या थोरल्यांपासून बारावीतल्या पुतण्यापर्यंत सगळे बसतात. मुलीने वहीत लिहून घेतलेले असते: कोण काय करणार, किती करणार, काय करणार नाही. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगाचा आहे. ‘यंदा करायचे नाही’ असे स्पष्ट लिहिल्यावर ते आयत्या वेळी कोणाच्या खांद्यावर येऊन पडत नाही.

फराळाबाबत आम्ही असे ठरवले की भाऊबंदांच्या चार चुलींवर प्रत्येकी एकच पदार्थ होईल आणि तो चारही घरांत वाटला जाईल. आमच्याकडे चकली आली. भाजणी भाजणे सासूबाईंचे, कारण डाळ कितपत खमंग झाली हे त्यांना वासावरून कळते, सोऱ्या फिरवणे माझ्या नवऱ्याचे, कारण त्याला मनगटाचे बळ लागते, तळणे माझे. एका सुटीच्या सकाळी काम संपते. मोठी माय अनारसे करतात, धाकट्या दिरांकडून शेव येते, थोरल्या जाऊबाईंकडून करंज्या. चिवडा कोणीच करत नाही, तो गावातल्या एका बचत गटाच्या बायकांकडून घेतो. विकतचा फराळ म्हणजे आळस, असे अजूनही काही जणी दबक्या आवाजात बोलतात. मला ते कळत नाही. त्या गटातल्या बायका तळण्याचे पैसे घेतात, त्या पैशांतून त्यांच्या मुलांचे कपडे येतात. माझ्या घरात तेच तळण बिनमोल होते म्हणून ते अधिक पवित्र कसे ठरेल? 2024 च्या सप्टेंबरात केंद्राने आयात खाद्यतेलावरचे सीमाशुल्क वाढवले आणि दिवाळीच्या तोंडावर तेलाचा डबा महागला, त्या वर्षी तर ही वाटणी आमच्या भाऊबंदांबाहेरच्या घरांनीही उचलली.

साफसफाईबद्दल फार लिहीत नाही. जाळ्या काढणे, माळा आवरणे आणि पंखे पुसणे ही कामे उंच माणसांची आहेत, आणि घरातली उंच माणसे बहुधा पुरुष असतात.

पैशांचा विषय मात्र खान्देशात नीट समजून घ्यावा लागतो. बाहेरच्यांना वाटते, दिवाळीला कापूस निघतो म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो. प्रत्यक्षात पहिल्या वेचणीचा कापूस परतीच्या पावसाने आणि दवाने ओलसर असतो. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला 7,710 रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला, पण सरकारी खरेदीत तो पूर्ण मिळायला कापसातला ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असावा लागतो आणि 12 टक्क्यांच्या वर गेला तर माल परत न्यावा लागतो. तोवर दिवाळी दारात आलेली असते. मग गावात आलेल्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने पोती द्यायची, किंवा कापूस घरात गंजी लावून ठेवायचा आणि किराणा उधारीवर आणायचा. सणासाठी घाईने विकलेल्या प्रत्येक क्विंटलमागे जे पैसे कमी आले, तो सणाचाच खर्च असतो, पण तो कोणत्याही यादीत लिहिला जात नाही. माझे माहेर यावल तालुक्यातले, शेतीचे. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कपड्यांची खरेदी दिवाळीतून काढून संक्रांतीवर नेली, कारण तेव्हा कापूस वाळलेला असतो, विकलेला असतो आणि दुकानात गर्दीही नसते. दिवाळीला धुतलेले, इस्त्री केलेले कपडे आम्ही घालत असू. आम्हा भावंडांना त्यात काही कमी वाटले नाही, कारण संक्रांतीला नवे येणार हे पक्के ठाऊक असे, आणि आबा दिलेला शब्द पाळत.

सोन्याबाबत बोलायचे तर आम्ही जळगाव जिल्ह्याची माणसे. जळगावच्या सराफ बाजाराचा लौकिक आम्हाला अभिमानाचा वाटतो आणि तोच आम्हाला जडही जातो. धनत्रयोदशीला सराफाच्या पायरीवर गेले नाही तर लक्ष्मी रुसेल, ही समजूत घराघरांत पक्की आहे. 2025 च्या धनत्रयोदशीला 10 ग्रॅम सोन्याचा भाव सव्वा लाखाच्या वर होता. त्या दिवशी अर्धा ग्रॅम घेण्यासाठी कर्ज काढणारी माणसे मी पाहिली आहेत. सोने घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. शेतकऱ्याच्या घरात ते अडीनडीचे भांडवल असते आणि पेरणीच्या वेळी तेच गहाण पडते. पण जे अडचणीसाठी घ्यायचे ते अडचण करून घेऊ नये. धनत्रयोदशीला धने-गूळ आणि आधीचे सोने पूजेला ठेवले तर पूजा पुरी होते. आमच्या घरी आता तसेच होते, आणि त्यावर सासूबाईंचे मत असे की घरातल्या सोन्याला वर्षातून एकदा हळदकुंकू लागणे हेच त्या दिवशीचे काम आहे.

माणसांच्या येण्याजाण्याचा ताण वेगळा असतो. पुण्याहून जळगावला यायचे तर रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते आणि दिवाळीचे डबे पाहता पाहता भरतात. खासगी बसचे भाडे त्या आठवड्यात दुप्पट मागितले जाते. लहान मुले घेऊन रात्रभर बसत-उठत आलेली माणसे दोन दिवस झोप काढतात आणि परतीच्या गाडीच्या काळजीत तिसऱ्या दिवशी निघतात. हे सगळे कशासाठी, असा प्रश्न माझ्या धाकट्या नणंदेने एकदा सरळ विचारला. घरात थोडा वेळ शांतता पसरली, कारण तो प्रश्न म्हणजे सासरमाहेरच्या ओढीवरच बोट ठेवल्यासारखे झाले. पण तिचे खरे होते. तिला आम्ही हवे होतो, तिथी नको होती.

त्या बोलण्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्याकडचा लेकीबाळींचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे, आणि तो वैशाखात येतो. तेव्हा शेते रिकामी असतात, रब्बी घरात आलेली असते, सालदाराचे जुने वर्ष संपून नवे ठरायचे असते, आंब्याचा रस असतो, निंबाला झोके बांधलेले असतात. ऊन असते हे खरे, पण काम नसते. माहेरी आलेल्या लेकीने पितरांच्या घागरीला हात जोडायचे, सांजोऱ्या खायच्या आणि झोक्यावर बसायचे. तिला चुलीकडे फिरकू देत नाहीत. ज्या लोकांनी लेकीला माहेरी आणण्याचा सण शेतीच्या सुटीत ठेवला, त्यांना विश्रांतीचे मोल कळत होते असे मला वाटते. आणि आपण काय केले, तर शाळा-कचेऱ्यांच्या सुट्यांच्या हिशेबाने सगळ्या भेटीगाठी दिवाळीत, ऐन वेचणीत आणून कोंबल्या.

म्हणून आम्ही भेटीचा मोठा दिवस दिवाळीतून बाहेर काढला. दिवाळीला जे गावात आहेत ते असतात, बाकीच्यांनी आपापल्या घरी दिवे लावावेत आणि फोनवर ओवाळून घ्यावे. सगळ्यांनी एकत्र यायचे ते मार्गशीर्षातल्या एखाद्या रविवारी, माझ्या माहेरच्या शेतात, भरताला. बामणोदकडची मोठी, पांढरट हिरवी वांगी तेव्हा भरात असतात. शेताच्या बांधावर काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी थेट टाकायची, साल काळी पडून फुटली की बाहेर काढून गरम असतानाच हाताला पाणी लावत सोलायची. हे काम भाऊ आणि भाचे करतात. मग भाजलेल्या मिरच्या आणि लसूण घालून तो गर बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटायचा. मुसळाच्या पहिल्या काही घावांत तो तंतूतंतूने सुटतो, नंतर एकजीव होऊन बडगीच्या कडेला चिकटू लागतो, आणि आबा मान हलवून थांबा म्हणतात. तेलात शेंगदाणे आणि कांद्याची पात परतून त्यावर भरीत टाकले की झाले. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची भाकरी, कच्चा कांदा, मुळा. जेवण झाल्यावर पाने ढोरांपुढे जातात आणि घासायला एक कढई, एक बडगी उरते.

त्या दिवशी कोणी कोणाला काही देत नाही, कोणी नवे कपडे घातलेले नसतात, आणि बायका दुपारभर शेतात बसून बोलतात. माझ्या नणंदा आणि माझ्या माहेरच्या बायका यांची खरी ओळख तेथे झाली. लग्नात, बारशात आणि दिवाळीत त्या एकमेकींना फक्त वाढत होत्या.

सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. सासूबाईंच्या बहिणीला वाटले की आम्ही माणसे तोडत आहोत. दिवाळीला दारात गाड्या दिसल्या नाहीत की गल्लीत विचारणा होते, घरात काही बिनसले का म्हणून. या विचारण्याला उत्तर द्यायचे काम माझ्या नवऱ्याने घेतले, आणि ते मला फार मोलाचे वाटले, कारण असे प्रश्न एरवी सुनेच्या खाती जमा होतात. त्या मावशींना आम्ही बोलावले, चार घरांचा फराळ एका ताटात घालून दिला आणि वहीतली वाटणी दाखवली. त्यांनी पूर्ण मान्य केले नाही. पण जाताना त्यांनी आपल्या सुनेसाठी बचत गटाचा फोन नंबर मागून घेतला.

एका बाबतीत आपला समाज अजूनही मुळातला साधेपणा राखून आहे. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेले असते, तेथे फराळाची कढई चढत नाही. शेजारी आणि नातलग डबे नेऊन देतात, थोडा वेळ बसतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. आमचे सासरे गेले त्या वर्षी असे डबे आले. कोणी पाच चकल्या दिल्या, कोणी वाटीभर शेव. कोणाचा डबा मोठा, कोणाचा लहान, हे कोणीही पाहिले नाही. डबा पोहोचवायला आलेला माणूस तास-दीड तास बसत होता, आणि सासूबाई त्या सगळ्यांशी बोलत होत्या. सुखाच्या वर्षी इतका वेळ कोणीच कोणाकडे बसत नाही, डबा देऊन पुढच्या घरी पळतो.

जळगावातला रथही मला या संदर्भात नेहमी आठवतो. 1872 पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो आणि त्याआधी प्रतिपदेपासून रोज रात्री देवाचे वहन, म्हणजे वाहनावर बसवलेली देवाची स्वारी, गावातून फिरते. ज्यांच्याकडे वहन थांबते त्यांचा मान पानसुपारीचा. त्या पानसुपारीसाठी घरे अंगण झाडून, सडा-रांगोळी करून तिष्ठत असतात आणि वहन पुढे गेल्यावर मन भरून घरात जातात. यजमानपणाची हद्द विड्यापाशी ठरवून दिली की गरिबाच्या दारातही देव थांबू शकतो, हे त्या जुन्या माणसांनी ओळखले होते.

यंदाच्या कोजागिरीला आमच्या बैठकीत भाऊबिजेचा विषय घ्यायचा आहे. भावाने साडी द्यायची, बहिणीने भाच्यांना कपडे करायचे, वहिनीने नणंदेला परत काहीतरी बांधून द्यायचे, आणि शेवटी सगळ्यांच्या कपाटांत न नेसलेल्या साड्या साठायच्या, हे चक्र कोणालाच आवडत नाही पण थांबवायचे कोणी हे ठरत नाही. माझा प्रस्ताव असा आहे की ताटात 101 रुपये आणि एक नारळ एवढेच पडावे, सगळ्या भावांकडून सारखेच, पगारदार असो की शेतकरी. माझा धाकटा भाऊ शेती करतो. पावसाने कापूस गेला त्या वर्षी त्याने साडीसाठी उसने पैसे घेतले होते, हे मला वर्षभराने वहिनीकडून कळले. तसे पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी मी हा विषय धरून बसणार आहे. दोन्ही नणंदांना फोनवर आधीच बोलून ठेवले आहे. थोरलीने लगेच होकार दिला. धाकटी म्हणाली, नारळ राहू दे, त्याऐवजी भावाने एक दिवस राहायला यावे असे वहीत लिहा. मोठी माय त्यावर काय म्हणतात ते बघायचे आहे, कारण त्यांचे भाऊ आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना आणायला गाडी घेऊन कोणी जायचे हेही त्याच रात्री ठरवावे लागेल.